दुरुस्ती हवी, तर अटी मान्य करा

जून २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज मीडिया प्लेयरमधल्या काही त्रुटी बुजवणारी दुरुस्ती प्रसृत केली. त्रुटी गंभीर होत्या. त्यांचा फायदा घेऊन बाहेरचा माणूस दुसऱ्याच्या संगणकावर हवा तो प्रोग्राम चालवू शकत होता, त्यामुळे ही दुरुस्ती टाळणे शहाणपणाचे नव्हते. पण ती चढवताना पडद्यावर जो परवाना करार येत होता, त्यात एक नवे कलम होते. गाणी आणि चित्रपट यांच्या नकलांवर बंधने घालणारी यंत्रणा शाबूत राहावी, यासाठी कंपनी वापरकर्त्याच्या संगणकावर आपोआप अपडेट उतरवू शकेल, आणि त्या अपडेटमुळे संरक्षित गाणी वाजवण्याची, त्यांची नक्कल करण्याची, इतकेच काय इतर सॉफ्टवेअर वापरण्याची सोयही बंद पडू शकेल, असे त्यात लिहिले होते. ऑगस्टमध्ये विंडोज २००० चा तिसरा सर्व्हिस पॅक आला आणि सप्टेंबरमध्ये विंडोज एक्सपीचा पहिला. दोन्हींच्या करारात कंपनीला संगणकावरच्या आवृत्त्या तपासण्याची आणि त्यात परस्पर बदल उतरवण्याची मुभा घेतलेली होती.

विंडोजचे पैसे आधीच दिलेले होते. संगणक ज्याचा त्याचाच होता. तरीही कराराची भाषा बदलली, आणि ती बदलायला निमित्त झाले कंपनीच्याच चुकांच्या दुरुस्तीचे.

त्यानंतरच्या वीसेक वर्षांत ही पद्धत संगणकापुरती राहिली नाही. गेम खेळण्याचे यंत्र, प्रिंटर, टीव्ही, फोन, कंपन्यांच्या सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर, सगळीकडे ती पोहोचली. छप्पर गळते म्हणून घरमालकाला बोलवावे आणि त्याने पत्र्यांसोबत नवा भाडेकरारही आणावा, सही केल्याशिवाय शिडी लावणार नाही म्हणावे, तसा हा व्यवहार आहे. त्याचे कायदेशीर, तांत्रिक आणि व्यापारी असे तिन्ही धागे एकत्र पाहिल्याशिवाय त्यातली खरी अडचण कळत नाही.

कायद्याच्या धाग्यापासून सुरुवात केलेली बरी. खोके उघडल्यावर आत सापडणारा करार बंधनकारक असतो का, हा प्रश्न अमेरिकेत १९९६ मध्ये प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग या खटल्यात आला. करार वाचून न पटल्यास वस्तू परत करता येत असेल, तर तो बंधनकारक, असे सातव्या विभागीय अपील न्यायालयाने ठरवले. २००२ मध्ये नेटस्केपविरुद्धच्या स्पेक्ट खटल्यात दुसरी बाजू पुढे आली. डाउनलोडचे बटण वर आणि अटींचा दुवा पान खाली सरकवल्याशिवाय न दिसणारा, अशी मांडणी असेल तर बटण दाबणाऱ्याने अटी मान्य केल्या असे म्हणता येणार नाही, हा तो निकाल. आणि २००७ मध्ये डग्लस विरुद्ध टॉक अमेरिका या खटल्यात नवव्या विभागीय न्यायालयाने सांगितले की, कंपनीने आपल्या संकेतस्थळावर गुपचूप अटी बदलल्या तर त्या ग्राहकावर लादता येत नाहीत. करार बदलला की काय हे पाहायला रोज तिथे जाऊन बसणे हे ग्राहकाचे काम नव्हे.

हे निकाल ग्राहकाच्या बाजूचे वाटतात आणि बऱ्याच अंशी आहेतही. पण त्यांचा एक परिणाम उलट दिशेने झालेला दिसतो. गुपचूप बदल चालणार नसेल, तर कंपनीला ग्राहकाचा स्पष्ट होकार हवा, म्हणजेच एक क्लिक हवे. आणि अपडेटइतकी त्यासाठी सोयीची वेळ दुसरी नाही. त्या क्षणी माणूस पडद्यासमोर असतो, त्याला काम उरकायचे असते, आणि नकार दिला तर यंत्र अडून बसते. होकाराची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते; तो होकार कोणत्या दडपणाखाली दिला, याची नोंद कुठेच राहत नाही.

या दडपणाचे सर्वात उघड उदाहरण सोनीच्या प्लेस्टेशन ३ चे. २००६ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्रावर लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याची सोय होती, आणि कंपनी तिचा पुरस्कारही करत होती. त्यामुळे विद्यापीठांनी आणि संशोधकांनी ही यंत्रे जोडून स्वस्तातले शक्तिशाली संगणक उभे केले. अमेरिकी हवाई दलाने तर न्यूयॉर्क राज्यातल्या रोम इथल्या प्रयोगशाळेत १,७०० हून अधिक प्लेस्टेशन जोडून महासंगणक बांधला. १ एप्रिल २०१० रोजी ३.२१ क्रमांकाचे अपडेट आले आणि ती सोय गेली. सुरक्षेसाठी हे करावे लागत आहे, असे कंपनीने सांगितले. अपडेट घेणे सक्तीचे नव्हते. मात्र ते न घेणाऱ्याला प्लेस्टेशन नेटवर्कवर जाता येणार नव्हते, ऑनलाइन खेळता येणार नव्हते, आणि नव्या आवृत्तीची गरज असलेले गेम वा ब्लू-रे चित्रपटही चालणार नव्हते. म्हणजे विकत घेताना ज्या दोन गोष्टी एकत्र मिळाल्या होत्या, त्यांतली कोणती सोडायची तेवढे ठरवायचे. हवाई दलाची यंत्रे गेमच्या नेटवर्कवर जात नसल्याने चालू राहिली. पण बिघडलेले यंत्र बदलून आणायचे तर नव्यात ती सोय नसणार, ही अडचण त्यांनाही होतीच.

ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. खालच्या न्यायालयात तो फेटाळला गेला, अपिलात पुन्हा उभा राहिला आणि २०१८ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. एका ग्राहकाला जास्तीत जास्त ६५ डॉलर. आठ वर्षांच्या लढाईची ही किंमत.

मधल्या काळात सोनीने आणखी एक पाऊल टाकले होते. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कवर हल्ला होऊन ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघड्यावर आली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एटी अँड टीच्या खटल्यात, ग्राहकाला सामूहिक दाव्याऐवजी एकेकट्याने लवादाकडे जायला लावणारी कलमे उचलून धरली. सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन नेटवर्कच्या नव्या अटी आल्या आणि त्यांत नेमके तसेच कलम होते. ते नको असेल तर ३० दिवसांच्या आत कंपनीला टपालाने पत्र पाठवायचे होते. होकार एका बटणाने आणि नकार पोस्टाने, ही तफावत तेव्हापासून रूढच झाली. २०२४ च्या सुरुवातीला रोकू कंपनीने टीव्हीच्या पडद्यावर वादनिवारणाच्या नव्या अटी आणल्या, तेव्हाही मान्यतेचे बटण दाबल्याशिवाय टीव्ही पुढे सरकत नव्हता आणि कलमातून बाहेर पडायला लेखी पत्र लागत होते. त्याआधी, २०१४ मध्ये, निन्टेंडोच्या वी यू या यंत्राने तर नव्या करारासमोर नकाराचे बटणच ठेवले नव्हते. पैसे मोजून घेतलेले यंत्र होकार येईपर्यंत बंद.

एचपीच्या प्रिंटरांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. सप्टेंबर २०१६ मध्ये अचानक जगभरातल्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी इतर कंपन्यांची शाईची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. त्या दिवशी कुणी काही बसवले नव्हते; आधीच्या फर्मवेअरमध्ये दडलेला बदल ठरलेल्या तारखेला जागा झाला होता. कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली, अमेरिकेत दाव्याची तडजोड करावी लागली आणि इटलीच्या नियामकाने २०२० मध्ये १ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तर होकाराचा अर्थच फिरवला: मे २०१६ मध्ये विंडोज १० कडे नेणाऱ्या खिडकीवरची फुली दाबणे हाच होकार धरला जात होता. खिडकी बंद करणारा माणूस 'नको' म्हणत असतो, हे कुणालाही कळते. टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने महिन्याभरात ती मांडणी बदलली.

घरगुती ग्राहकाचे नुकसान बहुधा काही डॉलरांचे किंवा एखाद्या सोयीचे असते. कंपन्यांच्या बाबतीत आकडा मोठा होतो, आणि त्यासाठी जावा या प्रोग्रामिंग प्रणालीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत हजारो मराठी तरुणांची रोजीरोटी जावावर चालते, म्हणूनही. ओरॅकलच्या जावा ८ ची 'अपडेट २०२' जानेवारी २०१९ मध्ये आली. ती जुन्या परवान्याखाली होती. सर्वसाधारण कामासाठी कंपन्यांनाही ती फुकट वापरता येई. १६ एप्रिल २०१९ रोजी 'अपडेट २११' आली. तोच जावा, त्याच घराण्यातली पुढची आवृत्ती, आत सुरक्षेच्या दुरुस्त्या. पण परवाना नवा. वैयक्तिक वापर आणि सॉफ्टवेअर घडवताना होणारा वापर फुकट, व्यवसायासाठी सर्व्हरवर चालवायचे तर वर्गणी. सर्व्हर सांभाळणाऱ्या एखाद्या तरुणाने नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दर तिमाहीची अपडेट चढवली, तर आपण कंपनीला नव्या आर्थिक बंधनात घातले आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार. त्याने तर आपले काम चोख केलेले असते.

जानेवारी २०२३ मध्ये वर्गणीचा हिशेब बदलला. जावा किती यंत्रांवर चालतो याऐवजी कंपनीत एकूण माणसे किती यावर आकारणी सुरू झाली. लहान कंपन्यांसाठी जाहीर दर माणशी दरमहा १५ डॉलर. पाचशे माणसांच्या कंपनीत दहाच जण जावाला हात लावत असले, तरी जाहीर दराने वर्षाला ९०,००० डॉलर. जावा १७ च्या बाबतीत तर तारीखच ठरलेली होती. २०२१ मध्ये तो मोफत परवान्याखाली आला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती मुदत संपली. त्यानंतरच्या त्याच १७ च्या अपडेट पुन्हा २०१९ सारख्या परवान्याखाली गेल्या. ओरॅकलने हे लपवले नव्हते, ते आधीच जाहीर केलेले होते. तरीही सुरक्षित राहण्याचा मार्ग आणि फुकट राहण्याचा मार्ग त्या तारखेला वेगळे झाले. अनेकांनी सुटका करून घेतली ती ओपनजेडीकेच्या आधारे, म्हणजे ज्याचा मूळ कोड मुक्त परवान्याखाली आहे अशा जावाच्या आधारे. अ‍ॅमेझॉनचे कोरेटो किंवा एक्लिप्सचे टेमुरिन ही त्याची रूपे.

इथे ओपन सोर्सच्या जगाकडे वळावे लागते. तिथेही आवृत्तीसोबत परवाना बदलतो, आणि गेल्या काही वर्षांत वारंवार बदलला आहे. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलास्टिकसर्चने २०२१ मध्ये, टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपापले मुक्त परवाने सोडून आवळलेले परवाने घेतले. क्लाउड कंपन्या आमचे सॉफ्टवेअर फुकट घेऊन त्यावर धंदा करतात, हे त्यामागचे मुख्य कारण सांगितले गेले आणि ते निराधार नव्हते. पण इथे वापरकर्त्याच्या हाती असे काही असते जे प्लेस्टेशनच्या मालकाच्या हाती नव्हते. जुन्या आवृत्तीचा परवाना मागे घेता येत नाही, आणि तिचा कोड उघडा असतो. त्यामुळे इलास्टिकसर्चपासून ओपनसर्च, टेराफॉर्मपासून ओपनटोफू आणि रेडिसपासून वाल्की अशा नव्या शाखा फुटल्या. इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. वापरकर्ते निघून जाऊ शकतात हे दिसल्यावर निर्णय बदलतात, याचा हा पुरावाच आहे. हॅशिकॉर्पने आणखी एक गोष्ट केली, तिची दखल घ्यायला हवी. जुन्या परवान्याखालच्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२३ च्या अखेरपर्यंत देण्याचे तिने जाहीर केले. मुदत तोकडी होती, पण दुरुस्ती वेगळी आणि परवाना वेगळा करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

अपडेटसोबत येणारा परवाना नको म्हणून थांबून राहणे काय असते, ते अ‍ॅपलच्या मॅकमध्ये पाहायला मिळते. त्यातला बॅश हा आज्ञा चालवणारा प्रोग्राम ३.२ आवृत्तीवरच थबकलेला आहे. पुढची चौथी आवृत्ती २००९ मध्ये आली ती जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली, आणि अ‍ॅपल त्या परवान्यापासून दूर राहिली आहे. २०१९ मध्ये तिने झेडशेल हा वेगळा प्रोग्राम मुख्य केला. जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एक कंपनी परवाना पाहून अपडेट नाकारते, जुन्या आवृत्तीची डागडुजी स्वतः करते. सामान्य माणसाकडे ना तसे वकील असतात, ना तसे अभियंते.

युनिटीचा वाद या सगळ्या प्रश्नाच्या गाभ्याला भिडला. गेम बनवण्यासाठी वापरले जाणारे हे इंजिन जगभरच्या लहान-मोठ्या स्टुडिओंत आहे. २०१९ च्या जानेवारीत एका वादानंतर कंपनीने आश्वासन दिले होते की, गेम बनवणारा ज्या आवृत्तीवर काम करतो, तिच्या वेळच्या अटींवर त्याला राहता येईल. १२ सप्टेंबर २०२३ रोजी तिने ठरावीक मर्यादेनंतर गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले, आणि आधी प्रसिद्ध झालेले गेमही त्या कक्षेत आणले. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून गेम पूर्ण केले होते, त्यांचे हिशेब एका रात्रीत कोलमडले. गदारोळ एवढा झाला की, दहा दिवसांत कंपनीने माघार घेतली. शुल्क फक्त पुढच्या आवृत्तीपासून, जुन्या आवृत्तीवर राहणाऱ्यांना जुन्या अटी. ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी जॉन रिक्किटिएलो पायउतार झाले आणि बरोबर वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये, शुल्कच रद्द झाले. 'आवृत्ती जुनी तर अटी जुन्या' हे तत्त्व गेमवाल्यांनी लढून परत मिळवले.

पण हे तत्त्व गेम इंजिनाला जितके पुरते, तितके फोनला किंवा बँकेच्या संगणकाला पुरत नाही, कारण तिथे जुन्या आवृत्तीवर राहणे धोक्याचे असते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक त्रुटी बुजवली. ज्यांनी ती दुरुस्ती घेतली नव्हती, त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आदळला. दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक संगणक सापडले आणि ब्रिटनमधली रुग्णालये अडकून पडली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीला ठप्प केले आणि तिची झळ उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या, त्याच समूहाच्या गेटवे टर्मिनलला बसली. कंटेनर हलेनात, ट्रक रस्त्यावर उभे राहिले. हा नॉटपेट्या पसरायला सुरुवात झाली होती ती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. अपडेट न घेण्यात धोका, आणि अपडेटच्या वाटेवर डोळे मिटून विसंबण्यातही धोका. म्हणून त्या वाटेवरचा लोकांचा विश्वास टिकवणे ही कंपन्यांचीच पहिली गरज असायला हवी. सोय काढून घेणारी किंवा हक्क सोडायला लावणारी अपडेट एकदा वाट्याला आली, की पुढची सुरक्षेची अपडेटही माणसे टाळू लागतात.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. कायदे बदलतात तेव्हा करार बदलावेच लागतात; मे २०१८ मध्ये युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला तेव्हा जगभर अटी पुन्हा लिहिल्या गेल्या आणि त्या ग्राहकाच्या हिताच्या होत्या. प्रत्येक जुनी आवृत्ती अनंत काळ सांभाळणे कुणालाही परवडत नाही. नवी सुविधा नव्या अटींसह येणे रास्त आहे. रास्त नाही ते एवढेच की, नवी सुविधा न मागणाऱ्याला जुनी चूक दुरुस्त करून घेण्यासाठी नव्या अटींवर अंगठा उठवायला लावणे.

भारतात या प्रश्नाची सर्वांत मोठी झुंज व्हॉट्सअ‍ॅपवरून झाली. २०१६ च्या धोरणबदलात निदान आधीपासूनच्या वापरकर्त्यांना, जाहिरातींसाठी आपली माहिती फेसबुकला देऊ नये असे सांगायला ३० दिवस मिळाले होते. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या सूचनेत तो पर्याय नव्हता. ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर खाते वापरता येणार नाही. गावच्या भजनी मंडळापासून सोसायटीच्या पाण्याच्या वेळापत्रकापर्यंत सगळे ज्या अ‍ॅपवर चालते, तिथून बाहेर पडणे म्हणजे चार माणसांतून उठणे. मुदत १५ मेपर्यंत लांबली, पण स्पर्धा आयोगाने स्वतःहून चौकशी सुरू केली. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपची मालक असलेल्या मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने बंदी काढली, दंड मात्र कायम ठेवला. पर्याय न ठेवता घेतलेला होकार हा प्रबळ स्थानाचा गैरवापर ठरू शकतो, हे त्यामुळे अपील न्यायाधिकरणाच्या पातळीवरही मान्य झाले.

मात्र स्पर्धा कायदा फक्त बाजारातल्या बलाढ्यांना लागतो. टीव्ही, प्रिंटर किंवा एखादे मध्यम वकुबाचे अ‍ॅप त्यातून सुटते. १८७२ च्या करार कायद्याचे ६२ वे कलम सांगते की, जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा तर दोन्ही पक्षांची संमती हवी. ती संमती अडवणुकीतून आली तर काय, याचे उत्तर प्रत्येक खटल्यात नव्याने शोधावे लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही कल्पना आणली. त्यात वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा उल्लेख आहे, एकतर्फी बदलण्याचा स्पष्ट उल्लेख नाही. २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक सूचनांत १३ प्रकार आहेत. त्यांतला 'सक्तीची कृती' हा प्रकार जवळचा, पण त्याचा रोख खरेदीच्या वा सदस्यत्वाच्या क्षणावर आहे. खरेदीनंतर दोन वर्षांनी येणारी अपडेट तिथे नीट बसत नाही.

युरोपने हे अंतर बऱ्यापैकी भरले आहे. २०१९ च्या निर्देशानुसार विक्रेत्याने सुरक्षेच्या अपडेट पुरवणे बंधनकारक आहे. त्यापलीकडे उत्पादन बदलायचे तर करारात त्याचे सबळ कारण हवे, जादा पैसे घेता येत नाहीत, आणि ग्राहकाला लक्षणीय तोटा होत असेल तर ३० दिवसांत फुकट बाहेर पडता येते. किंवा मग कंपनीने बदलाविना जुने उत्पादन चालू ठेवू द्यायचे. हॅशिकॉर्प आणि युनिटी यांनी स्वतःच दाखवून दिले आहे की, तसे करणे अशक्य नाही.

भारतात २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. संमतीविषयीच्या या तरतुदी ठरलेल्या वेळापत्रकानुसार मे २०२७ पासून लागू होतील. पण हा कायदा फक्त माहितीपुरता आहे. यंत्राची सोय काढून घेणारी, शुल्क लावणारी किंवा दावा करण्याचा हक्क सोडायला लावणारी अट त्याच्या कक्षेत येत नाही.

ग्राहक व्यवहार मंत्रालयाने 'सक्तीच्या कृती'च्या व्याख्येत एक वाक्य घालावे: सुरक्षेची दुरुस्ती देताना असंबंधित नव्या अटींची मान्यता मागता येणार नाही. तोवर, विकत घेतलेले उपकरण नव्या अटी मान्य केल्याशिवाय चालेनासे झाले, तर बटण दाबण्यापूर्वी त्या पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, बाहेर पडण्याची मुदत दिलेली आहे का ते पाहावे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.